चौथीतून पाचवीत जाताना : डी अँड डीमधल्या लेव्हलच्या टप्प्यांविषयी तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी लेव्हलच्या (पात्राच्या ताकदीच्या पातळ्यांच्या) टप्प्यांबद्दल, म्हणजे टियरबद्दल होती. त्यामुळे सगळा सदराचा भाग त्यालाच दिला आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम धरले आहेत, कारण बहुतेक पत्रांतले आकडे त्याच पुस्तकातले आहेत. २०२४च्या नियमांत फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

प्रावीण्य बोनस ५, ९, १३ आणि १७व्या लेव्हलला वाढतो. म्हणजे दर चार लेव्हलला. मग टप्पे १ ते ४, ५ ते १०, ११ ते १६ आणि १७ ते २० असे वेडेवाकडे का? चार-चारचे पाच केले असते तर काय बिघडलं असतं? — वाचक, पुणे

टप्पे प्रावीण्य बोनसवरून (पात्राला जे नीट येतं त्याच्या फाशात मिळवायच्या आकड्यावरून) पाडलेलेच नाहीत. विझर्ड, क्लेरिक, ड्रूइड, बार्ड, सॉर्सरर या जादूवाल्या क्लासना (पात्रांच्या प्रकारांना) दर दोन लेव्हलला स्पेलची, म्हणजे मंत्रांची, नवी पायरी मिळते: पाचव्या लेव्हलला तिसरी, सातव्याला चौथी, नवव्याला पाचवी, अकराव्याला सहावी आणि सतराव्याला नववी. यातल्या पाच, अकरा आणि सतरा या तीन जागी इतर क्लासही उडी मारतात. पाचव्या लेव्हलला फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर आणि मंक यांना एका ॲक्शनमध्ये दोन वार मिळतात. अकराव्याला फायटरला तिसरा वार मिळतो आणि पॅलाडिनच्या प्रत्येक वाराला एक जास्तीचा डी८ (आठ बाजूंचा फासा). कॅन्ट्रिपचे (कितीही वेळा टाकता येणाऱ्या साध्या स्पेलचे) फासेही ५, ११ आणि १७ याच लेव्हलना वाढतात.

म्हणजे खरं अंतर सहा लेव्हलचं आहे. मधले दोन टप्पे सहा-सहाचे आहेत ते त्यामुळेच. पहिला आणि शेवटचा चारचे दिसतात, कारण एक खालून आखूड पडतो आणि दुसरा विसावर संपतो. चार-चारचे पाच टप्पे केले असते तर नववी आणि तेरावी लेव्हल सीमेवर आली असती. तिथे स्पेलवाल्यांचं बरंच काही बदलतं, पण तलवारवाल्यांचं फारसं नाही. सीमा तिथेच आखावी जिथे टेबलावरच्या बहुतेकांना एकाच दिवशी काहीतरी मोठं मिळतं.

अकराव्या लेव्हलबद्दल आणखी एक गोष्ट बऱ्याच डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या) नजरेतून सुटते. सहाव्या पायरीपासून वरच्या स्पेलना स्लॉट (दिवसात ते किती वेळा टाकता येतील त्या जागा) फार जपून दिलेले आहेत. सहाव्या पायरीचा दुसरा स्लॉट थेट एकोणिसाव्या लेव्हलला मिळतो, सातव्याचा विसाव्याला, आणि आठवी व नववी शेवटपर्यंत दिवसाला एकेकच. त्यामुळे तिसऱ्या टप्प्यातला विझर्ड पहिल्या लढतीत भयंकर वाटतो आणि चौथ्या लढतीत पुन्हा तिसऱ्या पायरीच्या फायरबॉलवर येतो. दिवसात एकच लढत ठेवली, तर त्याची ही दुसरी बाजू तुमच्या टेबलाला कधी दिसणारच नाही.

आमचे चार खेळाडू. चौथ्या लेव्हलला तीन ओगरनी त्यांना जवळजवळ संपवलं होतं. पाचव्या लेव्हलला आल्यावर तसेच तीन ओगर पुन्हा ठेवले तर दोन राउंडमध्ये आडवे! एका लेव्हलने एवढा फरक कसा? आता मॉन्स्टरचे हिट पॉइंट वाढवू का? — एक डीएम, ठाणे

हिट पॉइंट (किती इजा, म्हणजे डॅमेज, सोसता येते तो आकडा) वाढवू नका. आधी आकडे पाहू.

एका ओगरचे ४५० एक्सपी (अनुभवाचे गुण), तिघांचे १३५०. तीन ते सहा मॉन्स्टर असले की २०१४च्या पुस्तकात त्याला दोनाने गुणायचं असतं, म्हणजे २७००. चौथ्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी जीवघेण्या लढतीची सीमा ५०० × ४ = २००० आहे. म्हणजे पहिल्या वेळी तुम्ही जीवघेण्याच्याही पुढे गेला होतात. पाचव्या लेव्हलला मध्यम लढतीची सीमा ५०० × ४ = २००० आणि अवघडची ७५० × ४ = ३०००. तेच २७०० आता ‘मध्यम’मध्ये बसतात. पहिलीतून दुसरीत जाणं सोडलं तर तक्त्यात इतर ठिकाणी हे आकडे याहून हळू चढतात, पण चौथीतून पाचवीत जाताना सोपी, मध्यम आणि अवघड हे तिन्ही आकडे सरळ दुप्पट होतात. २०२४च्या पुस्तकाने गुणाकार काढून टाकला आहे. त्या हिशोबाने पाचव्या लेव्हलच्या चौघांसमोर हे तीन ओगर अगदी हलक्या लढतीच्या २०००पर्यंतही पोचत नाहीत.

हे दुप्पट होणं कुठून येतं ते फायटरकडे पाहिलं की कळतं. मोठी दोन हातांची तलवार, स्ट्रेंथ १८. चौथ्या लेव्हलला वाराच्या वीस बाजूंच्या फाशाला +६, ओगरचा आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) ११, म्हणजे ८० टक्के वेळा लागणार. सरासरी ११ डॅमेज धरलं तर एका राउंडला साधारण ८.८. पाचव्या लेव्हलला +७, ८५ टक्के, आणि वार दोन: १८.७. ओगरचे हिट पॉइंट ५९. आधी एकट्या फायटरला एका ओगरसाठी सात राउंड लागले असते, आता साडेतीनच्या आत.

विझर्डचा फरक याहून मोठा आहे. फायरबॉल म्हणजे ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), सरासरी २८. इंटेलिजन्स १८ असेल तर सेव्हचा (स्पेलपासून वाचायला फाशावर गाठायचा) आकडा १५, आणि ओगरची डेक्स्टेरिटी -१, म्हणजे तो चारातून एकदाच वाचतो आणि तेव्हाही निम्मं डॅमेज खातो. तिघे एकत्र उभे असतील तर प्रत्येकी सरासरी साडेचोवीस, एकूण सत्तरच्या वर, तेही एका ॲक्शनमध्ये. चौथ्या लेव्हलला याच विझर्डकडे शॅटर हा स्पेल होता, सरासरी साडेतेराचा.

रोग (Rogue, लपून वार करणारा क्लास) याचं मात्र तसं होत नाही. रेपियर, डेक्स्टेरिटी १८ आणि स्नीक अटॅकचे (बेसावध शत्रूवरच्या वाराचे) जास्तीचे फासे धरून वार लागला तर चौथ्या लेव्हलला १५.५, पाचव्याला १९. त्याची वाढ दर विषम लेव्हलला एकेक फाशाने होते, त्याला उडी नसते. पाचव्या लेव्हलला तुमचा रोगवाला खेळाडू हिरमुसला दिसला तर कारण हे आहे. त्याला या लेव्हलला अनकॅनी डॉज मिळतो, म्हणजे दिसणाऱ्या हल्लेखोराच्या एका वाराचं डॅमेज रिॲक्शन वापरून निम्मं. त्याची आठवण करून द्या, खूपजण ते वापरायचंच विसरतात.

आता उपाय. हिट पॉइंट वाढवले की लढत लांबते, अवघड होत नाही, आणि खेळाडूंना नवी ताकद मिळाल्याचा आनंद तुम्ही परत काढून घेता. त्याऐवजी ओगरना पांगवा. फायरबॉलची त्रिज्या २० फूट आहे, म्हणून दोन ओगरमध्ये ४० फुटांपेक्षा जास्त अंतर ठेवलं की एकात दोन सापडत नाहीत. ओगरकडे भाले असतात, ३० फुटांपर्यंत नीट आणि १२० फुटांपर्यंत डिसॲडव्हांटेजने (दोन फाशांतला कमी आकडा धरून) फेकता येतात. दरीच्या पलीकडे उभा राहून भाले फेकणारा ओगर दोन वार असलेल्या फायटरला अर्धी लढत नुसतं पळवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) आधी एकाहून जास्त लढती ठेवा. पाचव्या लेव्हलच्या विझर्डला तिसऱ्या पायरीचे दोनच स्लॉट असतात. २०१४चं पुस्तक दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा अवघड लढती धरतं. आपल्याकडे रविवारी तीन तास खेळणाऱ्यांना ते झेपत नाही, पण मग एकच ‘दिवस’ दोन-तीन सेशनवर पसरवा. सेशन संपलं म्हणून पात्रं झोपली पाहिजेत असा काही नियम नाही.

एक सावधगिरी. ओगर सोपे झाले म्हणून लगेच ट्रोलवर जाताना मोजून जा. एक ट्रोल १८०० एक्सपीचा, चौघांना सोपा. दोन ट्रोल ३६००, दोघांचा गुणाकार दीडपट म्हणून ५४००, आणि जीवघेण्याची सीमा ४४००. पार्टीत आग किंवा ॲसिड नसेल तर त्यांचं दर राउंडचं दहा हिट पॉइंटचं रीजनरेशनही थांबत नाही. ट्रोलच्या बाबतीत एक आणि दोन यांच्या मधलं काही ठेवायचं असेल तर दुसऱ्या ट्रोलऐवजी दोन-तीन गॉब्लिन द्या.

पहिल्याच सेशनला चार गॉब्लिनच्या हल्ल्यात दोन पात्रं मेली. गॉब्लिन तर सगळ्यात कमजोर ना? — वाचक, कोल्हापूर

एकेकटा, हो. पण ५० × ४ = २००, दोनाने गुणून ४००, आणि पहिल्या लेव्हलच्या चौघांची जीवघेणी सीमा बरोबर ४०० आहे. गॉब्लिनच्या छोट्या धनुष्याचं सरासरी डॅमेज ५.५, विझर्डचे हिट पॉइंट साधारण ८. दोन बाण लागले की तो खाली. पहिल्या दोन लेव्हल शिकण्यापुरत्या आहेत. दोन गॉब्लिन पुरेत, आणि ते दडून बसलेले नसावेत.

माझा फायटर ४ / विझर्ड ३ आहे. सातव्या लेव्हलला बाकी सगळे माझ्या पुढे गेल्यासारखं वाटतं. मल्टिक्लास करणं चुकलं का? — वाचक, नागपूर

मल्टिक्लास करणं, म्हणजे एकाहून जास्त क्लासच्या लेव्हल घेणं, चुकलं नाही, वेळ चुकली. पार्टी दुसऱ्या टप्प्यात आहे आणि तुमचं पात्र दोन्ही बाजूंनी पहिल्यातच अडकलंय. दुसरा वार फायटरच्या पाचव्या लेव्हलला मिळतो, तिसऱ्या पायरीचे स्पेल विझर्डच्या पाचव्याला. तुमच्याकडे एकच वार आणि दुसऱ्या पायरीपर्यंतचेच स्पेल आहेत. एकूण लेव्हलवरून फक्त दोनच गोष्टी मिळतात: प्रावीण्य बोनस (+३) आणि कॅन्ट्रिपचे फासे (दोन).

साधा नियम असा: आधी एका क्लासची पाचवी लेव्हल गाठा, मग वळा. तुम्ही पुढची लेव्हल फायटरला द्या, आठव्याला दोन वार होतील. विझर्ड पाचपर्यंत न्यायचा असेल तर नवव्या लेव्हलपर्यंत थांबावं लागेल, तेवढा धीर ठेवण्यात अर्थ नाही. सुरुवातीपासून बांधणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की दोन क्लासना मिळणारा एक्स्ट्रा अटॅक एकत्र मोजत नाहीत. फायटर ५ / रेंजर ५ झालात तरी वार दोनच. विझर्ड ५ / फायटर २ हा मेळ ॲक्शन सर्जसाठी (फायटरला मिळणाऱ्या जास्तीच्या ॲक्शनसाठी) लोकप्रिय होता, म्हणजे एका टर्नला दोन फायरबॉल. २०२४च्या नियमांत ॲक्शन सर्जने स्पेल टाकण्याची ॲक्शन घेता येत नाही, त्यामुळे ती जादू आता गेली.

खुनाचा तपास असलेलं साहस लिहिलं होतं. क्लेरिकने स्पीक विथ डेड टाकून दहा मिनिटांत खुनी शोधला. आता तर सगळे तेराव्या लेव्हलला आलेत आणि विझर्ड टेलिपोर्ट मागतोय. वर जाऊ तसं गोष्ट रचायचीच कशी? — एक डीएम, मुंबई

टप्प्यांबद्दलचा हा सगळ्यात खरा प्रश्न आहे. डॅमेज आणि हिट पॉइंटचा हिशोब तक्त्यात असतो, पण ‘कोणती अडचण आता अडचण राहिली नाही’ याचा तक्ता पुस्तकात मिळत नाही. तो डीएमने स्वतः वहीत लिहून ठेवावा.

पाचव्या लेव्हलला उडता येतं, पाण्याखाली श्वास घेता येतो, अन्न-पाणी तयार होतं, रात्री टायनी हटमध्ये सुरक्षित झोपता येतं, नुकताच मेलेला माणूस मिनिटभरात परत आणता येतो आणि प्रेताशी बोलता येतं. वाळवंटातली तहान, उंच कडा, जंगलातली भीतिदायक रात्र यांच्यावर उभी असलेली गोष्ट इथे बसते. नवव्याला रेझ डेड (मेलेल्याला उठवणं), स्क्राइंग (दूरचं पाहणं) आणि ठरलेल्या वर्तुळांमधून प्रवास. तेराव्याला टेलिपोर्ट आणि प्लेन शिफ्ट (दुसऱ्या विश्वात जाणं). सतराव्याला विश (इच्छापूर्ती).

स्पेल बंद करू नका, त्यांच्या अटी नीट वाचा. प्रेत फक्त पाच प्रश्नांची उत्तरं देतं, तेही त्रोटक. तुम्ही त्याच्याशी शत्रुत्वाने वागलात किंवा ते तुम्हाला शत्रू म्हणून ओळखत असेल तर खरं बोलायला ते बांधलेलं नसतं, त्याला जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच कळतं, तोंड शाबूत लागतं, आणि एकदा विचारल्यावर दहा दिवस त्याच प्रेताला पुन्हा विचारता येत नाही. म्हणजे पाठीत सुरी खुपसलेला माणूस खुन्याचं नाव सांगूच शकत नाही. पाचव्या लेव्हलनंतर तपासाची गोष्ट ‘कोणी केलं’पेक्षा ‘का केलं आणि सिद्ध कसं करायचं’ यावर न्या. मेलेल्याची साक्ष राजाच्या दरबारात चालेल का, हा एकटा प्रश्न दोन सेशन पुरतो.

टेलिपोर्टचंही तसंच. पोचायच्या जागी कायमचं टेलिपोर्टेशनचं वर्तुळ असेल किंवा त्या जागेची वस्तू हातात असेल तर अचूक पोचतात. जागा चांगली परिचयाची असेल तर शंभरातून ७६ वेळा अचूक. पण फक्त वर्णन ऐकलेली असेल तर २७ वेळाच, आणि ४३ वेळा घोळ: प्रत्येकाला ३डी१० डॅमेज, आणि तक्त्यावर पुन्हा फासा. म्हणजे विझर्डला घरी परतणं फुकट आहे, अनोळखी जागी जाणं नाही. तेराव्या लेव्हलनंतर साहस तिथे ठेवा जिथे ते कधी गेलेले नाहीत, आणि तिथली एखादी वस्तू मिळवणं हाच साहसाचा पहिला भाग करा. शिवाय ते निघून गेले की मागे काय होतं तेही दाखवा. पार्टी शत्रूच्या किल्ल्यावर असताना त्यांच्या शहराला वेढा पडला, तर टेलिपोर्टचा तो एकच स्लॉट कुठे खर्चायचा हे त्यांना ठरवावं लागेल.

नवी मैत्रीण सहाव्या लेव्हलच्या पार्टीत येतेय. तिने पहिल्यापासून सुरुवात केली तर? आमचा एक जुना खेळाडू म्हणतो, एक्सपी मिळत गेले की ती आपोआप गाठेल. — वाचक, न्यू जर्सी

तुमच्या जुन्या खेळाडूचा हिशोब बरोबर आहे. पाचव्या लेव्हलला ६५०० एक्सपी पुरतात. बाकीचे १४,०००वर असतील तर तेवढ्यात ते २०,५००वर पोचतील, म्हणजे अजून सहाव्यातच, कारण सातव्याला २३,००० लागतात. अडचण तिथवर जगण्याची आहे. सहाव्या लेव्हलच्या पार्टीसमोर एखादा मेज (Mage, शत्रू जादूगार) उभा राहिला आणि त्याने फायरबॉल टाकला, तर सरासरी २८ डॅमेज. पहिल्या लेव्हलच्या विझर्डचे ८ हिट पॉइंट. उरलेलं डॅमेज २०, ते तिच्या एकूण हिट पॉइंटपेक्षा जास्त, म्हणजे डेथ सेव्हसुद्धा (मरणाच्या दारातून वाचायचे फासे) नाही, जागीच मृत्यू. सेव्ह झाला तरी १४, म्हणजे बेशुद्ध.

सहाव्यालाच आणा. फार तर एक लेव्हल कमी, पण टप्पा तोच हवा: पाच आणि सहा एकत्र चालतात, चार आणि पाच चालत नाहीत. खर्चायला क्लासचं नेहमीचं सामान आणि वर ५०० सोन्याची नाणी अधिक १डी१० × २५. ११ ते १६मध्ये कोणी आलं तर ५००० अधिक १डी१० × २५०. नवखीला सगळे स्पेल एकदम देऊ नका. पहिल्या सेशनला पाच-सहा निवडून कार्डावर लिहून द्या, बाकीचे पुढे.

बाकीच्या गेममध्येही हेच टप्पे असतात का? — वाचक, गोवा

कल्पना तीच, आकडे नाहीत. डी अँड डीच्याच २००८च्या चौथ्या आवृत्तीत तीस लेव्हलचे दहा-दहाचे तीन टप्पे होते, हिरोइक, पॅरागॉन आणि एपिक, आणि ११ व २१ला पात्राची नवी वाट निवडावी लागे. तिच्याच १९८०च्या दशकातल्या बॉक्स सेटमध्ये तर टप्पे म्हणजे वेगवेगळे डबेच होते: बेसिक १ ते ३, एक्स्पर्ट ४ ते १४, कम्पॅनियन १५ ते २५, मास्टर २६ ते ३६. कम्पॅनियनमध्ये पात्रं जहागिरी सांभाळू लागायची, म्हणजे गेमच बदलायचा. थर्टीन्थ एजमध्ये दहाच लेव्हल: १ ते ४, ५ ते ७, ८ ते १०. डॅगरहार्टमध्ये पहिली लेव्हल एकटीच एक टप्पा आहे, मग २ ते ४, ५ ते ७ आणि ८ ते १०. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत लेव्हल थेट प्रत्येक प्रावीण्यात मिळवली जाते, त्यामुळे तिथे टप्प्यापेक्षा मॉन्स्टर तुमच्याहून किती लेव्हल वर आहे हे बघा. चारच्या वर गेलात तर पार्टी गेली.

दर पंधरा दिवसांनी खेळतो. एका वर्षात कुठपर्यंत पोचू? वीसपर्यंतची आखणी करावी का? — एक डीएम, नाशिक

एक्सपी न मोजता सेशनवर लेव्हल द्यायची असेल तर पुस्तकातला वेग असा: पहिल्या सेशननंतर दुसरी लेव्हल, आणखी एकानंतर तिसरी, आणखी दोनांनंतर चौथी, पुढे प्रत्येकीला दोन ते तीन. म्हणजे पाचव्यापर्यंत सहा-सात सेशन आणि अकराव्यापर्यंत १८ ते २५. वर्षात तुमची २६ होतील, पण दिवाळी, परीक्षा, लग्नसराई धरून वीसच धरा.

एक्सपी मोजत असाल तर दुसरा टप्पा मुद्दाम संथ ठेवलेला दिसेल. पुस्तकाने दिलेल्या दिवसाच्या लढतींच्या हिशोबाने ५ ते १०मधली प्रत्येक लेव्हल सव्वादोन दिवसांच्या आसपास जाते, आणि अकराव्यातून बाराव्यात जायला दीड दिवसही लागत नाही (हे आकडे मॉन्स्टरच्या संख्येचा गुणाकार धरून आहेत, प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं). दहाव्यातून अकराव्यात जायला २१,००० एक्सपी, अकराव्यातून बाराव्यात फक्त १५,०००. खजिन्यांचंही प्रमाण तसंच आहे: पूर्ण कॅम्पेनमध्ये मोठे खजिने पहिल्या टप्प्यात ७, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात १२, चौथ्यात ८.

म्हणून वीसची आखणी करू नका. गोष्ट दहाव्या लेव्हलला संपेल अशी रचा, आणि शेवटच्या लढतीच्या आधीच्या सेशनला अकरावी देऊन टाका. फायटरला तिसरा वार आणि विझर्डला सहाव्या पायरीचा स्पेल शेवटच्या सेशनला एकदा तरी वापरायला मिळेल, आणि त्या ताकदीला पुरून उरेल असं पुढचं वर्ष तुम्हाला लिहावं लागणार नाही. त्या लढतीसाठी मॉन्स्टर मात्र अकराव्या लेव्हलच्या तक्त्यावरून मोजा: जीवघेणी सीमा दहाव्याला प्रत्येकी २८००, अकराव्याला ३६००.